रश्श्याचं पातेलं आणि मी

मैत्री-बित्री मला सांगू नका. परवाच्या रविवारी धरणातल्या बेटावर गेलतो आम्ही. म्हणजे बाकीचे गेलते. मटण मी आणलेलं, पहाटे उठून रस्सा मी केलेला. पाचजण मोटारबोटीत बसलो, तर बोटवाला म्हणला, "पावणं, वजन जास्त झालंय. काय तरी उतरवा."

सगळ्यांनी आधी पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आमचा सुन्या म्हणला, "भावा, तू उतर की. पुढच्या खेपंला ये."

मी म्हणलं, "पातेलं उतरवा की."

"काठावर कुत्री हायत," म्हणला.

त्याच कुत्र्यांजवळ मला सोडून गेली.

तासाभरानं बोट परत आली. मी चप्पल हातात घेऊन पाण्यात उतरलो, तर बोटवाला म्हणतोय, "ही खेप दुसऱ्या पार्टीची हाय. भाकरीचं गठुडं तुमच्या पिशवीत ऱ्हायलंय म्हणं. तेवढं द्या."

मी पिशवी छातीशी धरली. "सांगा त्यांस्नी, भाकरी पायजे तर मलाबी न्यायला लागंल."

त्यानं तिथंच सुन्याला फोन लावला, ऐकून घेतलं आन् खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ दे म्हणत्यात. भात टाकलाय."