जागा सगळ्यांची!

नाही, पण मला एक सांगा... कचऱ्याच्या पिशवीला छान घट्ट गाठ मारायची आणि मग ती तळ्याकाठी भिरकावून द्यायची, तर ती गाठ कशासाठी? कचरा सांडू नये म्हणून?

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. वर्षभर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करायच्या, आणि सुट्टीत हॉटेलात राहायचं म्हटलं तर स्वतःचीच पँट विकावी लागेल! म्हणून छत्रीच्या कापडाचा तंबू शिवला, नि दरवर्षी मी आणि आमची ही त्या सरकारी रानात, तळ्याकाठी चार दिवस. भाडं नाही, पावती नाही, 'खोली कधी सोडताय' नाही. जागा सगळ्यांची!

यंदा गेलो, तर तंबूला जागाच नाही हो! खुंटी ठोकावी तिथं बाटली. गाद्या, टायर, आणि एक फुटका कमोड... कमोड! एवढ्या लांब पेट्रोल जाळून आणला असेल ना कोणीतरी? हौसेला मोल नाही म्हणतात ते हे! पण बोलायचं कोणाला? जागा सगळ्यांची!

मी आपला गोण्या भरायला लागलो. तेवढ्यात झुडपामागून हिची किंकाळी. "अहो, इकडे या!" म्हटलं साप! धावलो, तर ही एका सोफ्यासमोर उभी, डोळ्यांत पाणी. "अहो, हा आपला!" म्हटलं, सोफे काय, सगळे सारखेच... "सारखे? मग हा इस्त्रीचा डाग कोणाचा? हे अस्तर उलटं कोणी शिवलं?"

आता अस्तरावर आल्यावर मी काय बोलणार? आमचाच! हिच्या धाकट्या भावानं टेम्पोत घालून नेला होता, "दाजी, काळजी सोडा, मी लावतो विल्हेवाट!" ही लावली! आणि ही? सासरी गेलेली लेक भेटावी तशी त्याच्यावरून हात फिरवतेय!

नेमका रानाचा रखवालदार आला. "सोफा कोणाचा?" मी डोळ्यांनी खुणावतोय, नाही म्हण, नाही म्हण... तर ही ताठ मानेनं, "आमचाच! संसारातला पहिला!" झालं! म्हटलं, साहेब, हिच्या भावानं... "माझ्या भावाला मध्ये आणायचं नाही!" आणि माझ्या दोन्ही हातांत कचऱ्याच्या गोण्या! चोर मुद्देमालासकट!

लावला मेहुण्याला फोन. तर काय म्हणतो... "दाजी, रानातच टाकलाय ना? कोणाच्या दारात तर नाही? जागा सगळ्यांची!"

फोन मीच ठेवला हो.

रखवालदार तसा भला. दंड नाही केला. गाडीतून फक्त पाटी काढली, 'मुक्कामास सक्त मनाई'. "आजपासून बंद. कचरा फार झाला, वरून हुकूम आलाय." म्हटलं, अहो, टाकणारे वेगळे, राहणारे वेगळे! आम्ही तर उचलतोय! तो बसला... सोफ्यावरच बसला, आणि शांतपणे म्हणतो, "काका, पटतंय मला. पण टाकणारा दोन मिनिटांत पसार होतो. तुम्ही चार दिवस जागचे हलत नाही. मग मी बंदी घालू कोणाला?"

बोला आता! हिनं थर्मासमधला चहा त्याला दिला, मी न उघडलेला तंबू परत गाडीत टाकला. त्याच्याकडे हातोडा नव्हता, माझा दिला. तर पाटी ठोकतोय वाकडी! तुम्हाला सांगतो, शिंप्याला वाकडं बघवत नाही...

शेवटी ती पाटीही मीच ठोकून आलो.