मला वाटलं शिंगाळ्याचा काटा

मी पाचूबंदरची. बाप कोळी, नवरा कोळी, कळायला लागल्यापासून म्हावऱ्यातच हात. आमच्यात शिंगाळ्याचा, त्या मिशावाल्या माशाचा, विखारी काटा लागला ना, की जवळ असेल तिनं ते बोट तोंडात धरायचं, रगत चोखायचं आनि थुंकायचं, माझ्या आईनं माझं केलं, मी माझ्या पोरींचं केलं. मग त्या दिवशी मी काय वेगळं केलं, सांगा?

रोझी माझी सून, अंगावर पिती पोर होती तिची. पावसाचे दिवस, खाडीतल्या जाळ्यातलं म्हावरं निवडत बसलो दोघी, आनि ती आई गं करून ओरडली. मी बोट धरलं, चोखलं, थुंकले, वर तिलाच म्हनलं, एवढ्याशा काट्याला काय रडतेस! मग ढीग बाजूला केला तर इंजेक्शन, सुईसकट. बाजूला सलाइनची नळी. काय सांगू तुम्हाला, मी दहादा चूळ भरली आनि रोझीला घेऊन डॉक्टरकडं धावले. वर शहरातले दवाखानेवाले सुया नाल्यात टाकतात आनि पावसाच्या पान्याबरोबर ते सगळं आमच्या जाळ्यात येतं.

तेव्हा टीव्हीवर सारखं एड्स एड्स चाललेलं. डॉक्टर विचारतो, सुई कोनाला टोचलेली होती? अरे मेल्या, मी काय दर्याला विचारू? वर मलाच ओरडला, तोंड कशाला लावलं म्हनून. मी म्हनलं, सुया तुम्ही लोकांनी फेकायच्या आनि बोलनी आम्ही खायची? मग त्यानं दोघींचं रगत घेतलं, म्हनाला, तीन महिन्यांनी परत तपासू, तोवर पोरीला अंगावर पाजू नका.

पोर रडायची, रोझीचा पदर भिजायचा, ती भिंतीकडं तोंड करून बसायची. मी बाटली घेऊन पोरीला अंगनात फिरवायची आनि मरियामाउलीला सांगायची, काय घालायचं ते माझ्यात घाल, हिला सोड बाई. मी येता जाता आरशात जीभ बघायची.

दोघींचे रिपोर्ट चांगले आले, देवाची कृपा. पन दूध आटलं ते आटलं.

आता नात शाळेत जाते. जाळं आलं की मी आधी काठीनं ढीग उसकटते, बाया हसतात, हसू देत, सुया अजून निघतात. परवा रोझीला खराच काटा लागला, शिंगाळ्याचा. मी धावले, तर तिनं हात पाठीमागं घेतला, नको आई, तू नको, म्हनाली, आनि आपलं बोट आपल्याच तोंडात धरलं. मी नुसती तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. सुखी राहा गं बाय, एवढंच म्हनलं.