आईचं नाव यादीत नव्हतं

हॅलो?… हां, बोल गं छोटे!… काय? शनिवारी? या शनिवारी बाळाला घेऊन येताय?… अगं, पण त्या अनाथाश्रमातल्या बाई पुढचा महिना म्हणाल्या होत्या ना!… दत्तकाच्या सगळ्या सह्या झाल्या? खरंच?… रडू नकोस गं, मग मलाही रडू येतं.

… आई ना? बाहेर बसलीये, स्वेटर विणतेय. तिसरा! तुझी लेक काय एकावर एक तीन घालून फिरणार आहे?

… दूध पिते? झोपते? ठणठणीत आहे, बरं… थांब. थांब जरा. शनिवार म्हणालीस ना?

… अगं ऐक ना. ती हिपॅटायटिस ए-ची, काविळीची लस. तुम्हा दोघांना मीच टोचली, विमानाने परदेशी जाणार म्हणून. माझी नोकरीतच झालीये. आणि आई…

… हो, आई कुठेच जाणार नाही, म्हणूनच राहिली ना! दवाखान्यात माझी यादी सगळी प्रवाशांची. पण बाळ तिकडून थेट तिच्या मांडीवर येणार. लंगोट कोण बदलणार? हा आजार शीतूनच पसरतो ना!

… छे गं, बाळाला काही झालंय असं कुठे म्हणतेय मी! तिकडे हा आजार इथल्यापेक्षा खूप जास्त. इतक्या लहान मुलांत असला तरी कळत नाही, हसत-खेळत असतात. मोठ्यांना मात्र आडवं करतो. आणि आईचं यकृत आधीच कसंय, माहितीये ना तुला?

… हो, हो… घरात ज्यांचा ज्यांचा हात लागणार त्या सगळ्यांना आधी द्यायची. बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. रोज घसा कोरडा करून लोकांना सांगते गं हे! आणि स्वतःच्या आईला विसरले.

… तुझ्यावर नाही चिडले. माझ्यावरच.

… आजच नेते तिला. आणखी एखादं इंजेक्शन लागेल का, तेही डॉक्टरांना विचारते. पण पंधरा दिवस तरी बाळाला घ्यायचं नाही, असंच म्हणतील ते… सात वर्षं वाट बघितलीये तिने, छोटे. कुठल्या तोंडाने सांगू?

… अं? थांब… आई दारात उभी आहे. केव्हापासून गं आई?

… सगळं ऐकलंय तिने… बाही वर करून दाखवतेय… आता खुर्ची ओढतेय. बाळासाठी आणलेल्या पाळण्याजवळची… लांब, पार भिंतीपाशी नेली.

… हो, बसली. विचारतेय, नुसतं बघायला तर इंजेक्शन लागत नाही ना?

… नाही गं आई. बघायला नाही लागत.

… छोटे, ठेवते मी.