बाबांच्या हातात हँडल

(रायपूर, समता कॉलनी. मंजिरीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. सोमवारची सकाळ. समोर धाकटा भाऊ गौतम.)

मंजिरी : जिन्यावरून पडलेल्याच्या कोपराला लाल मुरूम नाही लागत, गौतम. खरं सांग.

गौतम : दीदी, पहिले पट्टी तर बांध.

मंजिरी : बांधून राहिली नं. मोडलं नाही, मनगट मुरगळलं आहे. ती तुझी चार चाकांची रेसची बाईक उलटली का पुन्हा?

गौतम : उलटली नाही. पुढचं सगळं कामच बदलून टाकलं मी तिचं. पहिले वळणावर हँडल फिरवलं तरी सीधीच जायची. अन् चाकाले एखादा गोटा लागला का हँडल हातातून हिसकून घ्यायची.

मंजिरी : मालकावर गेली होती.

गौतम : हव, बोलून घे. बीरगांवच्या शेडमध्ये बसून पुढचे शॉकअप जमवले, चाकांची लाईन सीधी केली. अन् हँडलच्या दांड्यावर डॅम्पर लावला.

मंजिरी : ते काय असतं?

गौतम : तेल भरलेला छोटासा डबा समज. आरामात वळवलं का वळू देते. एकदम झटका आला का तो आतच जिरवते, हातापर्यंत येऊच नाही देत.

मंजिरी : मग हा हात काहून मुरगळला?

गौतम : मी चालवून नव्हतो राहिलो.

मंजिरी : कोण चालवत होतं?

गौतम : बाबा.

मंजिरी : कोणाचे?

गौतम : आपले.

मंजिरी : गौतम, त्यांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी स्कूटरसुद्धा बंद केली. अन् नोकरीभर रेल्वेचं इंजिन चालवलं त्यांनी, त्याला वळवायला हँडलच नसतं.

गौतम : तेच तर म्हणाले ते. म्हणाले, आजवर पटरीनं नेलं तिकडं वळलो, एकदा आपण वळवून पाहू.

मंजिरी : अन् तू लगेच बसवलंस.

गौतम : लगेच नाही. दिवाळीपासून घराबाहेर निघत नव्हते, तुले माहीत आहे. मीच ओढून शेडवर नेलं. ते हँडल धरून उभे राहिले, इकडून तिकडं फिरवत. मी चहा सांगितला, तो थंडा झाला, तरी सोडेनात. मग विचारलं, ही जोरात जाते का? मी म्हटलं, तुमच्यासाठी बैलगाडीएवढी. जोरात पळू नाही म्हणून रेसचा स्क्रू कसून टाकला, हेल्मेट घातलं, पडले तर इंजिन बंद करायची डोरी त्यांच्या मनगटाले बांधली. काल सकाळी नया रायपूरकडच्या रिकाम्या मैदानावर नेलं. मी बाजूनं पळून राहिलो.

मंजिरी : अन् पडले?

गौतम : ते नाही, मी. वळण आलं तसं मी म्हटलं, थांबा. त्यायनं ऐकलं नाही. हळूच वळवली अन् निघाले पुढं. मी मागचा दांडा पकडायले गेलो तर तोंडघशी. बाबा पूर्ण चक्कर मारून आले, माझ्याजवळ बरोबर गाडी उभी केली अन् विचारलं, "गार्डसाहेब, मध्येच काहून उतरले?"

मंजिरी : हात हलवू नको. मीही हसणार नाही, तूही हसू नको.

गौतम : मी कुठं हसून राहिलो.

मंजिरी : मी कधीची म्हणते त्यांना, हाताला काम द्या, कामात असला की थरथर कमी होते. दाबायला रबरी चेंडू दिला, तर तो सोफ्याखाली सापडला.

गौतम : चेंडूले इंजिन नसते, दीदी.

मंजिरी : पडले असते तर? या वयात हाड जुळत नाही लवकर. मला एका शब्दानं विचारलं नाही.

गौतम : तू नाही म्हटलं असतं.

मंजिरी : म्हटलंच असतं. कुठं आहेत आता?

गौतम : बाहेर, गाडीत बसले आहेत. तुले भिऊन राहिले.

मंजिरी : बोलाव त्यांना. राहू दे, मीच दार उघडते. बाबा, या आत. रागावत नाही.

दिवाकर : पोट्ट्याचा हात कसा आहे?

मंजिरी : त्याचा राहू द्या. तुमचे दाखवा. दोन्ही, असे समोर.

दिवाकर : हे घे.

मंजिरी : थरथर आहे तशीच आहे, बाबा.

दिवाकर : ती कुठं जाते आता.

मंजिरी : मग त्या गाडीवर भीती नाही वाटली?

दिवाकर : वाटली नं. वळणाची वाटली. घरी पाहुणे आले का मले चहाच्या कपाची भीती वाटते, मंजू. त्याहून ही बरी होती.

मंजिरी : गौतम, पट्टी ओली करायची नाही. अन् रविवारी तू पळायचं नाही. बाजूनं मी पळीन.