भाऊंची पहिली उडी

सुमनवहिनी, हेडमास्तर सर, भाऊंच्या कराटे क्लासची सगळी मुलं-मुली, आणि पारोळ्याच्या बाजारपेठेतली माझी माणसं. तुम्ही एवढ्या उन्हात आलात. हा हॉल भाऊंनी पुरा भरलेला एकदाच पाहिला होता, आपला पिक्चर इथे दाखवला तेव्हा. आज तो पुन्हा भरलाय, आणि भाऊ फोटोत आहेत.

मला बोलता येत नाही. मी वसंता, व्हिडिओवाला. तुमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांची लग्नं मी काढली आहेत. माझं काम डोळा लावायचं, तोंड उघडायचं नाही. बबन मघाशी कानात म्हणाला, दोन शब्द बोल आणि बस. बबन, आज दोन शब्दांत भागणार नाही. माझा हात धरून खाली ओढू नकोस.

भाऊ कोण होते, हे नव्या पोरांना नीट माहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहेत ते काठी घेऊन क्लासच्या कोपऱ्यात उभे राहणारे, ओरडणारे, लंगडणारे यशवंत भाऊ. आम्हाला माहीत होते ते वेगळे. दिवसभर शिलाई मशीनवर बसणारा माणूस, संध्याकाळी या हॉलमध्ये विटा फोडायचा. तुमचे पांढरे कराटेचे ड्रेस मांजरपाटाचे, त्यांनी स्वतः शिवलेले. आणि त्यांचा तो काळा पट्टा, ज्याला तुम्ही हात लावायला घाबरायचात, तो एका जुन्या कोटाच्या अस्तराचा होता. मी सांगितलं म्हणून आता हसा. भाऊ स्वतः हसायचे.

त्या काळात गावात व्हिडिओ आला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, सतरंजी टाकायची, आणि सलग तीन पिक्चर बघायचे. त्यातला एक मारामारीचा असायचाच. उडणारे, भिंतीवर चालणारे, ओरडून लाथ मारणारे लोक. भाषा कळायची नाही, लाथ कळायची. भाऊ एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, वसंता, तुझ्याकडे लग्नाचा कॅमेरा आहे, माझ्याकडे पंधरा पोरं आहेत, गावाला किल्ला आहे. आणखी काय लागतं?

खरंच आणखी काही लागलं नाही. आम्ही ‘सातपुड्याचा पंजा’ काढला. मग ‘किल्ल्यावरचा बदला’ काढायला घेतला. हिरो भाऊ, व्हिलन बबन. बबन तेव्हा असा नव्हता हो, बारीक होता, मिशा लावल्या की भीती वाटायची. डायलॉग सगळे आपल्या बोलीत. पुण्या-मुंबईच्या माणसाला कळले नसते, पण अमळनेरपासून धुळ्यापर्यंत व्हिडिओ सेंटरवाले कॅसेट मागायला यायचे. उडी मारायची असली की खाली केळीची वाळलेली पानं. भाऊंचे मेहुणे चोपड्याहून ट्रॅक्टरभर पाठवायचे. तीच आमची गादी.

आता मघाशी हेडमास्तर सरांनी जी गोष्ट सांगितली, तिच्याकडे येतो. सर चांगलं बोलले. भाऊंची ती गोष्ट तुम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे. किल्ल्याच्या तटावरून उडी होती. पहिली उडी कमी पडली. दुसरी भाऊंनी जोर करून मारली, ती पानांच्या ढिगाच्या पलीकडे गेली, आणि कंबरेचं हाड मोडलं. आणि मग भाऊ म्हणायचे, पोरांनो, आपली उडी कमी पडली हे आधी कबूल करायला शिका. कमी पडल्याचा राग आला की माणूस मोडतो. पोरांनी ते वाक्य भिंतीवर रंगवलंय. हे बघा, माझ्या मागंच आहे. फोटोच्या बरोबर वर.

ते वाक्य खोटं आहे.

थांबा. बबन, बसतो मी, मला संपवू दे. वहिनी, तुमच्यासमोर बोलतोय, दुसरीकडे कुठे बोलायचं हे मला दहा वर्षं कळलं नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही तटाखाली होतो. ऊन चढायच्या आत उडी घ्यायची होती. बॅटरी एकच, तीही लग्नात अर्धी संपलेली. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कॅसेट मागे फिरवून बघायचं नाही, बॅटरी खाते. आणि बघणार तरी कशावर? टीव्ही कुठे होता तिथे? कॅमेऱ्याला एकच भोक, त्याला एकच डोळा, आणि तो डोळा माझा. आत काय आलं ते मी सांगेन ते खरं. बठ्ठा लोक, सगळेच्या सगळे, माझ्या तोंडाकडे बघायचे.

माझ्या कॅमेऱ्याचं बटण एकच होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. आतला लाल दिवा बरेच दिवस गेलेला. मी अंदाजानं दाबायचो. त्या दिवशी भाऊ तटावर चढत होते, तेव्हाच माझा अंगठा चुकून पडला असणार. कॅमेरा चालू झाला. मग भाऊ वर उभे राहिले, हात जोडले, मला ओरडले, झालं का? मी म्हटलं झालं, आणि बटण दाबलं. बंद झाला.

भाऊंनी उडी मारली. मी डोळा लावून होतो. मी ती उडी पाहिली.

मग मी बंद करायला म्हणून बटण दाबलं, आणि आत चरखी फिरल्याचा आवाज आला. व्हिडिओवाल्याला तो आवाज झोपेत कळतो. तेव्हा समजलं, आत्ता चालू झालाय. म्हणजे मघाशी बंद होता. उडी आलीच नाही.

आता तुम्ही विचाराल, मग सांगायचं ना सरळ? काय बिघडलं असतं? भाऊ दोन शिव्या देऊन पुन्हा चढले असते, पहिल्यासारखीच उडी मारून पहिल्यासारखेच पानांत पडले असते. काही बिघडलं नसतं. पण माझा धंदा लग्नाचा. लग्नात माझ्याकडून हार सुटला, मंगळसूत्र सुटलं, की मी कधी म्हणायचो का माझं चुकलं? नाही. मी म्हणायचो, नवरीच्या तोंडावर सावली आली, हार पुन्हा घाला. मामा मधे आले, पुन्हा घाला. आणि लोक घालायचे. नवऱ्या मुलीनं दुसऱ्यांदा लाजायचं, आईनं दुसऱ्यांदा रडायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी दोनदा हार घालायला लावलेत. सावली कुठेच नव्हती. ते खोटं माझ्या जिभेवर तयार असायचं, विचारसुद्धा करावा लागायचा नाही.

भाऊ पानांतून उठले. अंगाला कचरा, तोंडभर हसू. उडी कॅमेऱ्यात कशी आली, ते त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “कशी उनी रे, वसंता?”

आणि मी म्हटलं, “कमी पडनी, भाऊ. कॅमेराम्हा कमी दिसनी.”

एवढंच. सावली आली म्हणतो तसं मी म्हटलं. उडी कमी पडली.

तेव्हा एकच माणूस बोलला. बबन, तू. मिशी अर्धी निघाली होती तुझी. तू म्हणालास, मधोमध पडले की भाऊ, मी इथेच उभा आहे. आठवतं? आणि भाऊंनी तुलाच झापलं. म्हणाले, तुझ्यापेक्षा कॅमेऱ्याला जास्त कळतं. तू मिशी दाबून बसवलीस. मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

मग ते पुन्हा चढले. या वेळी दोन पावलं मागे गेले, धाव घेतली. कमी पडू नये म्हणून. आणि या वेळी कॅमेरा चालू होता.

पिक्चरमध्ये ती उडी तुम्ही पाहिली आहे. भाऊ हवेत, मग लगेच बबन पळतोय. पडल्याचं मी कापलं. याच हॉलमध्ये त्या उडीला शिट्ट्या पडल्या होत्या. मी मागे भिंतीला टेकून त्या शिट्ट्या ऐकत होतो, आणि भाऊ तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यातून नुकते परत आलेले, बाकड्यावर उशी ठेवून बसलेले, मागे वळून मला हात करत होते.

त्या दवाखान्यात मी सांगायला गेलो होतो. खरं सांगतो. एसटीत वाक्य पाठ करत गेलो. खाटेजवळ उभा राहिलो आणि मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नको. तू खरं सांगितलंस, मलाच राग आला.”

तू खरं सांगितलंस. मोसंबी ठेवली आणि आलो.

पुढचं वहिनींना माहीत आहे. उजवा पाय पायडलवर चालेना. दोन वर्षं वहिनी मशीनच्या बाजूला बसून हातानं चाक फिरवायच्या, आणि भाऊ कापड सरकवायचे. मोटर बसेपर्यंत असंच चाललं. माझा सफारी त्याच काळात शिवला. मापं घ्यायला भाऊ भिंत धरून उठले. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, मित्राचं माप बसून घेत नाहीत. तो सफारी मी एकदाही घातला नाही. वहिनींनी दोनदा विचारलं, बसत नाही का. मी म्हटलं, बसतो.

आणि दर गुरुपौर्णिमेला या हॉलमध्ये भाऊ नव्या पोरांना ती गोष्ट सांगायचे. माझी उडी कमी पडली, म्हणायचे. मी व्हिडिओ काढायचो. स्वतःला कमी लेखून ते पोरांना शहाणं करत होते, आणि मी डोळा लावून बघत होतो. दहा गुरुपौर्णिमा. किती सोपं होतं कॅमेरा खाली ठेवून म्हणणं, भाऊ, थांबा. का नाही म्हटलं? भीती होती. गावात व्हिडिओवाला एकटा मी, आणि मी सांगतो ते खरं, यावर माझं सगळं उभं होतं. आणि नंतर नंतर भीती त्यांची वाटायला लागली. वाटायचं, हे मला माफ करतील. मग काय करू?

ही ती मूळ कॅसेट. भाऊंनी मागितली होती, माझी शेवटची उडी आहे, तिच्यावर लग्न चढवू नकोस म्हणाले. मी म्हटलं, चढलं, भाऊ. चढलं नव्हतं. पुसवत नव्हती आणि देववतही नव्हती. यात पहिली उडी नाही. पण त्यानंतर कॅमेरा चालू होता ना, माझ्या हातात लोंबकळत. त्यात जमीन दिसते. चपला दिसतात. आणि आवाज आहे. भाऊ हसतायत, विचारतायत, आणि मी खोटं बोलतोय. वहिनी, ही आजपासून तुमची. ऐकायची की जाळायची, तुम्ही ठरवा. मला घरी येऊ द्यायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. मी पायरीवर उभा राहीन.

पोरांनो, ते भिंतीवरचं वाक्य मी उद्या स्वतः चुना आणून पुसतो. हेडमास्तर सर, परवानगी द्या. भाऊंना राग आला नव्हता. ते कमी पडले नव्हते. त्यांनी एका मित्राच्या डोळ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांनी केलं.

ती उडी कुठल्याच कॅसेटवर उतरलेली नाही. कॅमेऱ्याला डोळा लावून ती पाहिलेला माणूस मी एकटा आहे, म्हणून सांगून ठेवतो. हात पसरलेले होते. गुडघे जुळलेले होते. पानं कारंज्यासारखी उडाली आणि भाऊ त्यांच्यात कंबरेपर्यंत बुडाले.

आता सगळे उभे राहू या. भाऊंना नंतर कधी गुडघ्यावर बसता आलं नाही, म्हणून आज कुणी बसायचं नाही. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर देतो आणि मीही गप्प होतो.

बराबर उनी, भाऊ. मधोमध उनी.