पंचाऐंशी बॉल

नजीब : ...आणि शेवटी लिही, असा कोच आम्हाला नको. बेसिलला आजच्या आज काढा. लिहिलंस?

मसूदा : ‘नको’पर्यंत आले. जरा हळू सांगा. आणि गाडीही हळू चालवा, पोर मागे हात धरून बसलीय.

नजीब : हायवेला हळू चालवलं तर मागचा हॉर्न मारून डोकं खाईल. टीमच्या ग्रुपवर व्हॉईस नोट चालत असती तर मी एव्हाना खलास केलं असतं.

मसूदा : व्हॉईस नोट कुणामुळे बंद झाल्या? जर्सीच्या रंगावर साडेसहा मिनिटांची कुणी टाकली होती? एक मॅच बघितली नव्हतीत तेव्हा.

नजीब : रंग भिकारच आहे. ते जाऊ दे, पुढे लिही. ‘फायनलची शेवटची इनिंग. आपण सहा-पाचने पुढे. फक्त एक विकेट हवी होती.’

मसूदा : आउट.

नजीब : काय?

मसूदा : बेसबॉलमध्ये विकेट नसते. एक आउट हवा होता. कमिटीतले हसतील तुम्हाला.

नजीब : बरं बाई, आउट. ‘एक आउट हवा होता, आणि बेसिलने काय केलं? माझी अलिना सबंध दुपार रिफाच्या टीमला नाचवत होती, तिच्या हातातला बॉल काढून त्या गौरवला दिला.’ गौरव! ज्याला स्वतःच्या बुटाची लेस बांधता येत नाही!

मसूदा : तेही लिहू?

नजीब : लिही!

मसूदा : नाही लिहिणार. बारा वर्षांचा पोर आहे तो. मॅच संपल्यावर बसच्या मागे जाऊन रडत होता. आणि त्याची आई ह्याच ग्रुपवर आहे.

नजीब : रडणारच! पहिल्याच बॉलला फटका खाल्ला. बेसवर उभे होते ते दोघे धावत सुटले, सात-सहा, खेळ खलास. आणि मी कुणाला घेऊन आलो होतो माहितीय ना? अझहर, एलरॉय धरून सूकच्या बाजारातली पाच माणसं. जुम्म्याच्या सुट्टीची झोप सोडून आलेली. त्यांना म्हटलं, या, बघा, नजीबची पोरगी पोरांना कशी पाणी पाजते ती. आणि त्या पाचांसमोर तिला बाकावर बसवली! एलरॉय विचारतो, “भाई, लगा क्या उसको?” काय सांगू मी त्याला?

मसूदा : सांगायचं, कोचला विचारतो.

नजीब : विचारलं की! जाळीपाशी जाऊन विचारलं. एरवी वसईच्या केळ्यांवर तासभर बोलतो माणूस. आज म्हणतो, “नजीबभाई, माझा डिसिजन होता. सॉरी.” संपलं.

मसूदा : माझा डिसिजन म्हणाला?

नजीब : मग कुणाचा म्हणणार?

मसूदा : म्हणजे, दुसऱ्या कुणाचं नाव नाही घेतलं?

नजीब : कुणाचं घेणार? कोच तोच ना? लिही, ‘विचारल्यावर उद्धट उत्तर दिलं.’ ... मसूदा, लिहितेस की खिडकीतून दुकानं मोजतेस?

अलिना : अब्बा, सिग्नल! रेड आहे!

नजीब : दिसतोय मला. ते हेडफोन काढ आधी. हात कसा आहे?

अलिना : फाइन. बर्फ मेल्ट झालाय.

मसूदा : कोपराला धर गो, खांद्याला नको.

अलिना : आय नो, अम्मी.

नजीब : बघ, धडधाकट आहे. घातले हेडफोन परत. म्हणून सांगतो, कोच कसा असावा? आपल्या कोकण इलेव्हनचा महमूदभाई बघ. फुटबॉलची ती फायनल आठव. खिजरचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. दुसरा कोच असता तर बाहेर बसवला असता. महमूदभाईने पट्टी बांधली, पाठीवर थाप मारली, म्हणाला, यल्ला, चल, पंचवीस मिनिटंच राहिलीत. आणि खिजरने गोल मारला! लंगडत! त्याला म्हणतात कोच. खेळाडूत जिगर भरतो तो. बेसिल कसला कोच? हॉस्पिटलातला क्लार्क! फायनल म्हणजे काय ते त्याला कळतच नाही.

मसूदा : तुमच्या महमूदभाईला फक्त ओरडता येतं. एलरॉय गोलमध्ये नसता तर कोकण इलेव्हनने प्रत्येक मॅचला पाच-पाच खाल्ले असते. बेसिलने दोन वर्षांत काय केलं सांगू? ती लीना बॉल आला की डोळे मिटायची. आज तिने बॅटवाल्याच्या मागे बसून एक बॉल सोडला नाही. हा गौरव पहिल्या वर्षी बोलायचाच नाही कुणाशी. आणि तुमची ही अलिना. मुलांच्या लीगमध्ये मुलीला पिचर कोण करतो? पहिल्या दिवशी बाकीचे बाप कुजबुजत होते. बेसिल एवढंच म्हणाला, “हिच्यापेक्षा जोरात कोण टाकतो, त्याने पुढे या.” कुणी आलं नाही.

नजीब : तू वकील आहेस काय त्याची?

मसूदा : मी दर जुम्म्याला तिथे असते. तुम्ही आज पहिल्यांदा आलात.

नजीब : दुकान कोण बघणार? बरं, मला खेळ कळत नसेल, पण हिशेब कळतो. मी अंपायरला जाऊन विचारलं, पोरगी दमली होती काय? तो म्हणाला, नियम आहे, एका पोराने एका मॅचमध्ये पंचाऐंशी बॉल टाकायचे, जास्त नाही. त्याच्या हातात मोजायचं बटण होतं, टकटक करणारं, ते दाखवलं मला. किती होते सांग? ब्याऐंशी! तीन बाकी होते! रिफावाल्यांचा मोजणारा पण ब्याऐंशीच म्हणतोय. हे मोठ्या अक्षरात लिही. ‘तीन बॉल शिल्लक असताना.’ आता दे उत्तर. आली ना बोलती बंद?

मसूदा : अंपायरचं चुकलं.

नजीब : आणि रिफावाल्याचं?

मसूदा : त्याने अंपायरला विचारून लिहिलं. चौथी इनिंग आठवा. त्या उंच पोराने फटका मारला, बॉल जाळीवरून पार्किंगमध्ये गेला, कुणाच्या तरी गाडीवर आपटला आणि अलार्म सुरू झाला.

नजीब : कुणाच्या तरी म्हणजे? आपल्याच ह्या गाडीवर! पोचा आलाय वर.

मसूदा : तेच. तुम्ही चावी शोधत धावलात, पाच माणसं तुमच्या मागून. अलार्म बोंबलत होता, अंपायर मान वळवून वळवून तिकडे बघत होता. त्या वेळात अलिनाने तीन बॉल टाकले. त्याने बटण दाबलं नाही.

नजीब : तुला काय माहीत?

मसूदा : मी लिहिले ते तीन. वहीत आहेत.

नजीब : कुठल्या वहीत?

मसूदा : टीमच्या. दोन वर्षं आपल्या टीमचा स्कोअर मी लिहिते.

नजीब : तू? तू तिथे संत्री सोलतेस ना पोरांसाठी?

मसूदा : संत्री पण सोलते. पहिले सहा महिने मी गाडीत एसी लावून बसायचे, प्रॅक्टिस संपायची वाट बघत. मग बेसिलने विचारलं, भाभी, लिहिणारं कुणी नाही, बसाल? एका फिलिपिनो बाईने खुणा शिकवल्या. कोण कुठे धावला, कोण कसा आउट झाला, सगळं चौकोनात लिहायचं. प्रत्येक बॉलला एक रेघ. आज अलिनाच्या नावापुढे पंचाऐंशी रेघा झाल्या.

नजीब : थांब. थांब जरा. मग बेसिलला कसं कळलं?

मसूदा : त्याला कुठे माहीत होतं? त्यालाही अंपायरने ब्याऐंशीच सांगितले होते.

नजीब : मग?

मसूदा : मी उठले. वही नेऊन दाखवली त्याला. म्हटलं, झाले. तो म्हणाला, “भाभी, शुअर?” म्हटलं, शुअर. एकदा वही बघितली त्याने, एकदा मैदान. मग हाक मारली तिला.

नजीब : तू काढलंस तिला? तू?

मसूदा : मी. आता लिहू तुमच्या मेसेजमध्ये? ‘अलिनाच्या आईला आजच्या आज काढा’?

नजीब : अगो, वेड लागलं होतं काय? गप्प बसली असतीस तर कोणाला कळलं असतं?

मसूदा : कुणालाच नाही.

नजीब : मग?

मसूदा : मग काय? कुणाला कळत नाही म्हणून रेघ खोडायची? मग कशाला बसायचं तिथे वही घेऊन? संत्रीच सोलते.

नजीब : तीन बॉलांनी काय हात तुटला असता तिचा?

मसूदा : खिजरचा गुडघा पण पंचवीस मिनिटांचाच होता.

नजीब : त्याचं काय इथे?

मसूदा : तुम्हीच काढलंत. आता ऐका. तुमच्या कोकण इलेव्हनचा कप कुठे आहे?

नजीब : दुकानात. काउंटरवर.

मसूदा : आणि खिजर कुठे आहे?

नजीब : मसूदा...

मसूदा : सांगा ना. कप तुमच्या काउंटरवर आणि खिजर दापोलीत. शिडी चढता येईना म्हणून कंपनीने व्हिसा कॅन्सल केला. परांचीवर काम करणारा माणूस, पायच गेला तर ठेवणार कशाला त्याला? आता भावाच्या दुकानात स्टुलावर बसून असतो. चोविसाव्या वर्षी. तुम्ही पोचवलात ना एअरपोर्टला? घरी येऊन जेवला नाहीत त्या दिवशी. तीन वर्षं झाली, मी एक शब्द बोलले नाही. पण आज तुम्ही मला ऐकवता, त्याला म्हणतात कोच? महमूदभाईने एकट्याने नाही उतरवला त्याला. लाईनवर उभं राहून ‘खिजर, खिजर’ कोण ओरडत होतं? माझ्या मुलीच्या वेळी मी तसं ओरडणार नाही. तुम्हाला कप हवा असेल तर बाजारात विकत मिळतो, नाव पण कोरून देतात.

(गाडी रस्त्याच्या कडेला थांबते.)

मसूदा : इथे का थांबलात?

नजीब : समोर कोल्ड स्टोअरचं दुकान आहे. बर्फ आणतो. तुला काही हवंय?

मसूदा : नको.

नजीब : अलिना, तुला? ऐकू येत नाही तिला. आणतो मँगो ज्यूस.

अलिना : अम्मी.

मसूदा : काय गो? ऐकत होतीस सगळं?

अलिना : गाणं कधीच बंद केलं होतं. अब्बा इतके लाऊड आहेत. अम्मी, मी पण काउंट करत होते.

मसूदा : बॉल?

अलिना : ऑलवेज करते. एटी-फाइव्ह झाले तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. आय न्यू. तू उठलीस.

मसूदा : आणि नसते उठले तर?

अलिना : टाकला असता. आय वॉन्टेड टू. सो बॅडली. तो पोरगा घाबरला होता, मी त्याला आउट केलाच असता.

मसूदा : केला असतास. मलाही वाटलं तसंच. तरी रेघ ओढली मी.

अलिना : मग बेसिल सरांनी अब्बांना तुझं नाव का नाही सांगितलं?

मसूदा : त्यांना वाटलं असेल, घरात भांडण होईल.

अलिना : वेल. झालंच.

मसूदा : रागावलीस माझ्यावर?

अलिना : येस. थोडी. आज रात्री जेवायला काय आहे त्यावर आहे.

मसूदा : चल, फाजील. कोपर सरळ ठेव.

नजीब : हा घे बर्फ. हा ज्यूस. आणि हा तुला पण, नको म्हणालीस तरी. मसूदा, ते ग्रुपसाठी लिहिलेलं पूस.

मसूदा : सगळं?

नजीब : सगळं. बेसिलला मी स्वतः फोन करतो संध्याकाळी. साला, जाळीपाशी मी एवढा बोललो त्याला, तोंड उघडलं नाही त्याने. माझे शिव्याशाप सगळे स्वतःच्या अंगावर घेतले. ... ती वही कुठे असते?

मसूदा : ही काय, माझ्या पर्समध्ये. कशाला?

नजीब : दाखव. अलिनाचं पान. ह्या सगळ्या रेघा? ही तिरकी काय?

मसूदा : फाउल. त्या ह्या तीन बघा. अलार्म वाजत होता तेव्हाच्या. बाजूला वेळ पण लिहिलीय.

नजीब : माझ्या दुकानातला पोऱ्यादेखील एवढं नीट लिहीत नाही. आणि खाडाखोड?

मसूदा : नाही करत मी.

अलिना : अब्बा, फोन वाजतोय. अझहर अंकल.

नजीब : दे. हां, बोल अझहर. ... हो, हरलो. बघितलंस ना तू? ... नाही नाही, बेसिलची काही चूक नाही. त्याला एक शब्द बोलायचा नाही कुणी. ... पंचाऐंशी झाले होते म्हणून. ... अंपायरचे ब्याऐंशी असू देत, अंपायर माझी गाडी बघत होता. ... आमच्या मसूदाने काढली तिला. ... मसूदाने, माझ्या बायकोने. वही ती लिहिते. ... हो, स्वतःच्या मुलीला. फायनलला. ... कुणाला कळलं नसतं, बरोबर आहे तुझं. तरी उठली. ... हस तू. तुझ्या घरात आहे असं कुणी? ... मग? लपवायचं काय त्यात? सांग की सगळ्यांना, सूकमध्ये सांग. एलरॉयला पण... नाही, थांब. एलरॉयला मी सांगतो, त्याने मलाच विचारलं होतं.