कमलअक्काचं जातं

बीदर स्टेशनावर वजनाचं एक यंत्र होतं. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं आहे. उंच, लाल, वर रंगीत दिव्यांचं चाक. नाणं टाकलं की आत खडखड व्हायचं आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी आणि कमलअक्का हैदराबादच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. शाळेच्या मुलींना खेळाच्या सामन्यांना घेऊन निघालो होतो. गाडी नेहमीसारखी उशिरा. मी वजन केलं.

मंडळी, मला माहीत आहे, शोकसभेत अशी सुरुवात करत नाहीत. आत्ताच बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या जळताहेत. कमलअक्काचे यजमान, आपले अण्णा, समोर बसलेत, शेजारी त्यांची लेक सुजाता. या अंगणात आज पाय ठेवायला जागा नाही. इतकी वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, वर्गासमोर माझा आवाज कधी अडला नाही. आज अडतो आहे. म्हणून स्टेशनावरून सुरुवात केली. तिथलं बोलणं मला पाठ आहे.

तर, तिकिटावर माझ्या लग्नाच्या वेळचाच आकडा होता. दोन बाळंतपणं झाली होती आणि आकडा तोच! मी तिकीट कमलअक्काला दाखवलं. ती म्हणाली, "व्वा. भविष्य काय म्हणतंय?"

"प्रवास सुखाचा होईल म्हणतंय."

तेवढ्यात गाडी आली. मी माझी ट्रंक उचलायला गेले. गुडघ्यापर्यंत आली आणि परत फलाटावर आपटली. कमलअक्कानं एका हातात शिट्ट्यांची पिशवी धरली होती. दुसऱ्या हातानं तिनं माझी ट्रंक उचलून डब्यात सरकवली. मग आत बसल्यावर मला म्हणाली, "वसू, वजन तेवढंच हाय म्हणून खुशीत हायस. पण त्या वजनातलं किती काम करायलंय आणि किती नुसतं बसून खायलंय, ते बघितलीस का?"

मी चिडले. म्हटलं, "मी काय जाड आहे का?"

"जाड कोण म्हणलं? तू बेतशीर हायस. पण ढिली हायस. पिशवी तेवढीच, आतला कापूस सैल."

अशी होती बघा आपली कमलअक्का. सरकारी कन्याशाळेची पी.टी. टीचर. साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट घालून फिरणारी, बीदरमधली बहुधा एकटीच. वयानं आम्ही बरोबरीच्या. पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही.

मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. तिथे सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावत. पुस्तक पडता कामा नये. माझं कधी पडलं नाही. पाठ सरळ ठेवायला मी तिथे शिकले. पाठीत जोरही असावा लागतो, हे कमलअक्कानं शिकवलं.

हैदराबादहून परत आल्यावर मी मनाशी ठरवलं, अंग घट्ट करायचं. आणि काय केलं? रात्रीची भाकरी बंद केली. आठ-पंधरा दिवसांत शाळेचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. कमलअक्कानं मला कठड्याला धरून उभं पाहिलं आणि तिथेच झाडलं. "तुला वजन कमी करायचं हाय का?" "नाही." "मग उपाशी कामून मरायलीस? उपाशी राहून अंग घट्ट होत न्हाई, सुकतं. भाकरी खा, शेंगा खा, वरण खा. आणि सकाळी माझ्या अंगणात ये."

या अंगणात. तुम्ही बसला आहात त्या या शहाबादी फरशीवर.

आणि मंडळी, आज तुमच्या सगळ्यांच्या मनात जे आहे ते मी उघड बोलून टाकते. अण्णा आता सुजाताकडे गुलबर्ग्याला राहायला जाणार. त्यांनी जावंच. एकट्यानं इथे राहू नये. पण या घराला कुलूप लागणार. मग आपल्या सकाळचं काय? गेल्या आठवड्यापासून मला रस्त्यात, बाजारात, दारात सगळ्या हेच विचारताहेत. त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. ते माझं नाही, कमलअक्काचं आहे. पण त्याआधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर आजच्या तरुण मुलींना ते कळायचं नाही.

आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत घरोघरी नळ आले. गिरणी तर त्याआधीच आली होती. फार बरं झालं, आमच्या आयांचे हात सोलून निघायचे. पण पाणी ओढणं गेलं, दळण गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. बाया दिसायला ठीक, डॉक्टर म्हणायचे ठीक, काटाही म्हणायचा ठीक. आणि पोर कडेवर घेतलं की कंबर धरून बसायच्या. कमलअक्काच्या हे आधी ध्यानात आलं, कारण ती दिवसभर मुलींची अंगं बघायची. ती म्हणाली, आपण बायांसाठी सकाळचा वर्ग काढू.

कोण येणार? तालीम पुरुषांची. ड्रिल शाळेतल्या पोरींचं. साडी नेसून हात वर-खाली करायचे म्हणजे शोभा! इंदू तर म्हणाली होती, "अक्का, मी काय सर्कशीत जायलेय का?" इंदू, आठवतं ना? भिंतीपलीकडचं घर इंदूचं. नवी सून होती तेव्हा.

मग कमलअक्कानं ड्रिल हा शब्दच टाकून दिला. जनवाड्याहून, माहेरून, आईचं जातं आणलं. आडावर रहाट होताच. दोन घागरी मांडल्या. म्हणाली, हातांना जे ठाऊक हाय तेच करू, फक्त नीट करू.

नीट म्हणजे कसं? जातं एकाच हातानं ओढायचं नाही. आपण सगळ्या उजव्या हाताच्या. डावा हात चालत नाही म्हणून राग यायचा, पण तिनं डाव्यानंही ओढायला लावलं. पाठ सरळ, पोट आत, श्वास रोखायचा नाही. घागर आधी अर्धी. अर्धी जड वाटेनाशी झाली की पाऊण. भरलेली मागितली तरी द्यायची नाही. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकायचा नाही. आणि आज दोर ओढला की उद्या खांद्यांना सुट्टी, उद्या पाय. "अंग झोपेत घट्ट होतं," असं म्हणायची. आम्ही हसायचो. म्हटलं, मग झोपूच की! "झोपा, पण आधी झोपेला काहीतरी काम द्या."

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. आम्ही चौघीजणी होतो. कमलअक्का जात्याशी बसली आणि दाखवायला म्हणून तिनं ते तसंच फिरवलं. रिकामं. दगडावर दगड घासल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला आणि इंदूच्या सासूबाई, आपल्या काकू, भिंतीवरून ओरडल्या.

"अगं ए! रिकामं जातं फिरवायलीस? घर बुडवायचं हाय व्हय?"

कमलअक्का शांतपणे म्हणाली, "काकू, आमच्यात असलं मानत न्हाईत."

"तुमच्यात मानत नसाल. माझी सून बसलीय ना तिथं!"

कमलअक्काच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती मॅट्रिकला होती. शुभ-अशुभ या गोष्टींवर ती कुणाशीही, कितीही वेळ वाद घालू शकत असे. मी ऐकले आहेत तिचे वाद. त्या सकाळी तिनं घातला नाही. तिनं इंदूच्या तोंडाकडे पाहिलं. आता वाद घातला तर ही पोर उद्यापासून यायची नाही, हे तिला दिसलं. ती म्हणाली, "बरं काकू. उद्यापासून येताना जिनं तिनं मूठभर ज्वारी आणायची. जातं रिकामं फिरणार न्हाई."

आणि तिथेच खरी अडचण सुरू झाली. ज्वारी आली. बौद्ध वस्तीतून आली, आमच्या गल्लीतून आली. एकाच जात्यात पडली. पीठ निघालं. आता ते पीठ कुणी न्यायचं?

त्या वेळी इथे काय होतं ते वडीलधाऱ्यांना सांगायला नको. काकूंच्या घरी कमलअक्काकडचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. पीठ सुपात पडून होतं आणि आम्ही सगळ्या दुसरीकडे बघत होतो. कुणी पदर नीट करतंय, कुणी घागर. कमलअक्कानं ना टोमणा मारला, ना उपदेश केला. पीठ डब्यात भरलं, चूल पेटवली आणि भाकऱ्या टाकल्या. औरादकडच्या खेड्यांतल्या काही मुली बीदरला राहून शिकत होत्या, त्यांना शाळेत नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही काही जणी हळूहळू तिथेच बसून खायला लागलो. इंदू मात्र मान खाली घालून घरी जायची. कमलअक्कानं तिला एकदाही "खा" म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिला यायला मिळायलंय ना? तेवढं ऱ्हाऊ दे. दोर तुटेल एवढा ओढायचा न्हाई."

दिवस गेले. आमची अंगं बदलत गेली. ब्लाउजच्या बाह्या नीट बसू लागल्या, चालण्यात फरक पडला. पुढच्या सामन्यांच्या वेळी मी पुन्हा स्टेशनावरच्या त्या यंत्रावर चढले आणि तिकीट बघून मला रडूच आलं. वजन वाढलं होतं! कमलअक्का पोट धरून हसली. "अगं, आतला कापूस दाबून भरला की पिशवी जड होतीच की! तिकीट फेक आणि ट्रंक उचल." मी उचलली. एका हातानं नाही, दोन्ही हातांनी. पण उचलली.

आणि काकू? त्या रोज भिंतीवरून बघायच्या. चुका काढायच्या. "वसुधाबाई, जातं ओढायलीस का जातं तुला ओढायलंय?" सुनेच्या कंबरेचं दुखणं थांबलेलं त्यांना दिसत होतं. स्वतःला मात्र जमिनीवरून उठताना दोघांचा आधार लागत होता. थंडीतली एक सकाळ. काकू दारातून आत आल्या. भिंतीवरून नाही, दारातून. मुठीत ज्वारी. थेट जात्याशी बसल्या, मूठ घातली आणि दळायला लागल्या. आम्हा सगळ्यांपेक्षा सुंदर दळलं त्यांनी. मग कमलअक्काला म्हणाल्या, "माझं पीठ दे."

कमलअक्का म्हणाली, "काकू, ते सगळ्यांच्या पिठात मिसळलंय. आता तुमचं येगळं कसं काढू?"

काकू बसून राहिल्या. इंदू भिंतीला चिकटून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग काकू म्हणाल्या, "काढू नकोस. भाकर टाक. भूक लागलीय."

त्या दिवशी सासू-सुना इथे, या फरशीवर, शेजारी शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर काकू जाईपर्यंत रोज आल्या. आणि शेवटपर्यंत जमिनीला हात न टेकता उठल्या, याचा त्यांना गर्व होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला उठून दाखवायच्या!

माणसं एकत्र यावीत म्हणून कमलअक्कानं कधी भाषण केलं नाही. भाषण मी करते आहे, आणि ते तिला आवडलं नसतं. म्हणाली असती, "वसू, उभी किती वेळ ऱ्हायलीस, पाय बदल."

काविळीनं ती महिन्याभरात गेली. मजबूत होती, तरी गेली. काही जण मला म्हणाले, एवढा व्यायाम करून काय उपयोग झाला? मी त्यांना काय सांगू? ती न मरण्यासाठी व्यायाम करत नव्हती. जगताना कुणाला ट्रंक उचलून द्यावी लागली तर देता यावी, म्हणून करत होती.

दवाखान्यात तिनं मला जवळ बोलावून कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. अण्णांना विचारून मी ते इथे सांगते.

तिची शिट्टी शाळेला, तिच्या जागी येणाऱ्या नव्या टीचरला. फार जोरात वाजवू नकोस, असं तिला सांगायचं आहे.

कॅनव्हासचे बूट सुजाताला. माप एकच आहे. सुजाता, कपाटात ठेवायचे नाहीत, घालायचे.

उड्यांच्या दोऱ्या वस्तीतल्या मुलींना. माझ्या वाट्याला एक घागर. "अर्धीच भर, आता वय झालं तुझं," असा निरोप आहे सोबत.

आणि जातं इंदूला.

इंदू, रडू नकोस, ऐक. मी तिला विचारलं होतं, इंदूच्या घरचे ठेवून घेतील का गं? तर म्हणाली, "काकू असत्या तर त्यांनीच उचलून नेलं असतं." आज सकाळी तुझे यजमान माझ्या दारात आले होते. मला वाटलं, अडचण सांगायला आले. ते विचारत होते, जातं अंगणात कुठल्या बाजूला मांडायचं, बायांना ऊन लागायला नको. मी म्हटलं, भिंतीच्या सावलीत मांडा. त्याच भिंतीच्या.

आता आपण सगळे उभे राहू. हात न टेकता उठता येईल त्यांनी तसं उठावं, तिला बरं वाटेल. थोडा वेळ काही बोलायचं नाही. श्वास मात्र रोखायचा नाही.

त्यानंतर गडी बोलावू नका. वरचा दगड मी आणि इंदू धरतो. खालच्या दगडाला वस्तीतल्या दोघी-तिघी या. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यातून उचला. आणि उद्या सकाळी इंदूच्या अंगणात येताना प्रत्येकीनं मूठभर ज्वारी आणा. कमलअक्काचं जातं रिकामं फिरवायचं नाही.